दारी आलेला वायू आणि घरचा साठा

वायूची नळी गावात आली म्हणजे इंधनाची ददात कायमची मिटली, अशी समजूत बेळगाव-निपाणी भागातील व्यापारी वर्गात रूढ होऊ पाहत आहे. आमच्या मते ही समजूत वेळीच तपासून पाहणे हिताचे ठरेल.

दाभोळहून निघून कोल्हापूर व बेळगाव जिल्ह्यांतून बेंगळूरुकडे जाणारी गेल कंपनीची वायुवाहिनी २०१३ साली सुरू झाली. ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु वाहिनी हा केवळ रस्ता होय. माल कोठून व कोणत्या भावाने येणार, हा प्रश्न निराळाच आहे. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील समुद्रात २००९ साली सुरू झालेले वायूचे उत्पादन थोड्याच वर्षांत घसरले आणि त्यावर भिस्त ठेवणारे दाभोळचे वीजकेंद्र २०१३ नंतर काही काळ बंद पडले. यंत्रे होती, नळ्या होत्या. वायू मात्र नव्हता.

आज देशाला लागणाऱ्या वायूपैकी सुमारे निम्मा वायू द्रवरूपात परदेशातून येतो. २०२२ साली रशिया-युक्रेन युद्ध पेटताच त्याचे भाव कडाडले आणि गेलला करारान्वये मिळावयाची जहाजेही चुकली. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरी वितरणासाठी राखलेल्या स्वस्त देशी वायूच्या वाट्यात सरकारने कपात केली. या घटनांची झळ शेवटी गृहिणीच्या चुलीला व दुकानदाराच्या वहीला लागल्यावाचून राहत नाही.

आपला व्यापारी एकाच पेढीवर विसंबत नाही आणि हंगामापूर्वी वखार रिकामी ठेवीत नाही. राष्ट्राने तरी याहून वेगळे का वागावे? कतारशी २०२८ ते २०४८ या मुदतीसाठी २०२४ साली झालेला करार स्वागतार्ह आहे. पण कतारचा माल होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून येतो, म्हणून इतर देशांशीही मुदतीचे सौदे हवेत. कच्च्या तेलासाठी आपल्याच राज्यात मंगळूरु व पादूर येथे भूगर्भात कोठारे बांधली गेली. वायूसाठी तशी राष्ट्रीय राखीव कोठारे अद्याप नाहीत. ती उभारण्यास आता विलंब नको.

तिसरा उपाय तर आपल्या अंगणातच आहे. निपाणीचा हालसिद्धनाथ, संकेश्वरचा हिरण्यकेशी, चिकोडीचा दूधगंगा अशा साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात उसाच्या प्रेसमडपासून जैववायू निर्माण करता येतो. केंद्र सरकारने २०१८ साली यासाठी 'सतत' योजना आखली आणि शहरी वायूत जैववायूचे प्रमाण २०२८-२९ पासून पाच टक्के असावे, असे बंधन घातले. कारखान्यांना भांडवल व खरेदीची हमी मिळाल्यास हे बंधन आपल्या भागाला लाभदायकच ठरेल.

यास एका मागणीची जोड द्यावीशी वाटते. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तरी नैसर्गिक वायू त्याबाहेरच राहिला. त्यामुळे राज्याराज्यांत कर निराळा आणि वायू वापरणाऱ्या उद्योजकास भरलेल्या कराची वजावट नाही. सीमेवर राहून दोन्ही राज्यांत उलाढाल करणाऱ्या आपणांस हा जाच अधिकच जाणवतो.

साठा, विविध सौदे, घरचे उत्पादन आणि एकसूत्री कर या चार गोष्टींचा आग्रह आपल्या संघटनेने दोन्ही राज्यांच्या व केंद्राच्या दरबारी धरावा, अशी आमची सर्व सभासदांना विनंती आहे.