सराव हाही पाहण्याजोगा खेळ

दहीहंडीचा थरार केवळ उत्सवाच्या दिवशी असल्याने मीरा-भाईंदरच्या पर्यटकांना गोविंदा पथकांच्या सरावाकडे वळवू नये, हे एका पत्रलेखकाचे मत पटण्याजोगे नाही. अमेरिकेत फ्लोरिडा व अ‍ॅरिझोना येथे बेसबॉल संघ हंगामापूर्वी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, जे सराव सामने खेळतात, ते पाहण्यास दूरदूरचे पर्यटक जातात. तसेच दहीहंडीच्या गुरुपौर्णिमेपासूनच्या सरावात पायाचा थर, म्हणजे मनोऱ्याचा तळ, भार कसा पेलतो आणि थर सावकाश कसे उतरवले जातात, हे जितके स्पष्ट दिसते तितके उत्सवाच्या गर्दीत कधीच दिसत नाही. राज्य शासनाने २०२२ मध्ये साहसी खेळ म्हणून मान्य केलेल्या या खेळाचे सराव-वेळापत्रक, पथकांच्या संमतीने, घोडबंदर किल्ल्यावरील व उत्तन किनाऱ्यावरील पर्यटकांना मिळावे. मात्र १४ वर्षांखालील मुले थरांवर नाहीत, याची खातरजमा आधी व्हावी.