शाळेजवळचा प्लॉट

परवा चंदगडला मावशीकडे गेलो होतो. चहा झाल्यावर मावसभावानं खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढे पसरला. बेळगावच्या बाजूला, हिंडलग्याच्या पुढे पाडलेल्या प्लॉटांचा नकाशा होता तो. तीस बाय चाळीसच्या एका चौकोनाभोवती पेनानं गोल केलेला. "हा बघ दादा, कोपऱ्याचा नाही, पण बरा आहे की," तो म्हणाला.

मी पाण्याचं विचारलं. बोअर मारावी लागेल म्हणाला. रस्ता? सध्या मातीचा, पुढे होईल. गटार? तेही होईल.

"मग तिथे आत्ता आहे तरी काय?"

"शाळेची बस प्लॉटच्या तोंडाला येते."

त्या एका वाक्यासाठी काजूच्या दोन हंगामांचे पैसे, मुंबईच्या नोकरीत साठवलेली शिल्लक आणि वर कर्ज असं सगळं एकत्र करायची त्याची तयारी होती. तेवढ्या पैशात चंदगडात किती जमीन येईल, हा हिशेब त्यानं केला नव्हता. बहुधा मुद्दामच केला नसावा. गावातलं त्याचं घर चांगलं आहे. स्लॅबचं, चार खोल्यांचं, मागे परसू. पण ते विकायला काढलं तर घेणार कोण? ज्याला परवडेल तो स्वतःच बेळगावच्या वाटेवर प्लॉट शोधतोय.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळते आहे. घराची किंमत आपण विटा, सिमेंट आणि गुंठे यांत मोजतो. पण मुलं लहान असलेलं कुटुंब प्रत्यक्षात पैसे मोजतं ते शाळेसाठी. घर नुसतं निमित्त.

चंदगडच्या माणसाला बेळगाव परकं नाही, हे इथे सांगायला हवं. १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, फक्त चंदगड तालुका मागे राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. कागदावर जिल्हा बदलला, पण पायाखालची वाट तीच राहिली. कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पलीकडे आणि बेळगाव त्याच्या निम्म्याहून जवळ. बाजार बेळगावचा, दवाखाना बेळगावचा, लग्नाचा बस्ता बेळगावचा. शाळा-कॉलेजांचं तर बोलायलाच नको. तिथलं सेंट पॉल्स १८५६ पासूनचं, के.एल.ई. संस्था १९१६ सालची. आपल्याकडचे किती तरी जण तिथे शिकून मोठे झाले. पण तेव्हा मुलगा जायचा, घर गावातच राहायचं. आता घरच उठून जातं. मला खटकतं ते हे.

शाळेपायी घरांच्या किमती चढतात हे काही फक्त आपल्याकडे होत नाही. अमेरिकेत तर पत्त्यावरूनच सरकारी शाळा ठरते. सँड्रा ब्लॅक नावाच्या अर्थतज्ज्ञ बाईंनी १९९९ मध्ये बॉस्टनच्या उपनगरांचा एक सुंदर अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच गावातल्या, एकाच वस्तीतल्या, पण शाळांच्या हद्दीच्या अल्याड-पल्याड असलेल्या घरांच्या किमती त्यांनी ताडून पाहिल्या. झाडं तीच, रस्ता तोच, शेजार तोच, फक्त मुलांची शाळा वेगळी. शाळेचे परीक्षेतले गुण ५ टक्क्यांनी जास्त असतील तर पालक घराला सुमारे अडीच टक्के जास्त मोजतात, असं त्यांना आढळलं. चीनच्या मोठ्या शहरांत तर चांगल्या शाळेच्या हद्दीतल्या घराला वेगळं नावच आहे, आणि जुनाट, अंधाऱ्या खोल्यासुद्धा तिथे सोन्याच्या भावानं जातात.

अमेरिकेतलं दुखणं आणखी खोल आहे. तिथल्या शाळांचा मोठा खर्च स्थानिक घरपट्टीतून चालतो. म्हणजे महाग घरं, जास्त घरपट्टी, चांगली शाळा, म्हणून आणखी महाग घरं. गरीब वस्तीचं नेमकं उलटं. टेक्सासमधल्या पालकांनी याविरुद्ध दाद मागितली, पण १९७३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी ती फेटाळली.

आता आपल्याकडे बघा. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींचा पगार गावाच्या घरपट्टीवर अवलंबून नाही. पारगडाच्या पायथ्याच्या वाडीतल्या शिक्षकाला आणि कोल्हापूर शहराला लागून असलेल्या गावातल्या शिक्षकाला पगार राज्याच्या एकाच तिजोरीतून. पुस्तकं तीच, अभ्यासक्रम तोच. म्हणजे अमेरिकेत जे चक्र कायद्यानंच फिरतं, ते आपल्याकडे फिरायचं काही कारणच नव्हतं. तरी ते फिरतंय, कारण ते आपण आपल्या पायांनी फिरवतोय. ज्याची थोडीफार ऐपत आहे, जो शाळेत जाऊन "गणिताचा तास का झाला नाही?" असं विचारू शकतो, तोच आधी मुलाला काढून नेतो. मागे राहतात ती ज्यांना विचारायला वेळ नाही त्यांची मुलं. पट घसरतो. पट घसरला की शिक्षक कमी होतात, एकाच गुरुजींवर दोन-तीन वर्ग येतात. मग राहिलेल्यांतले आणखी दोघं-तिघं प्लॉट बघायला लागतात.

२०२३ मध्ये राज्य सरकारनं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचे प्रस्ताव मागवले, तेव्हा राज्यभर आरडाओरडा झाला. व्हायलाच हवा होता. चंदगडसारख्या डोंगराळ, धो-धो पावसाच्या तालुक्यात सहा-सात वर्षांच्या पोराला ओढा ओलांडून दुसऱ्या गावी पाठवायचं म्हणजे गंमत नाही. पण एक प्रश्न आपण स्वतःला विचारला नाही. तो पट वीसच्या खाली आणला कोणी? सरकारनं शिक्का मारायचं काढलं. पण शाळेतून दाखले काढून नेत होतो ते आपण.

मावसभावाला मी आणखी एक गोष्ट सांगितली, ती त्याला ठाऊकच नव्हती. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी नुसता अधिवास पुरत नाही. काही अपवाद सोडले तर दहावी आणि बारावीही महाराष्ट्रातूनच झालेली लागते. वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळी सवलत आहे, पण चंदगड तर महाराष्ट्रातच. म्हणजे आज बसच्या सोयीसाठी हद्द ओलांडायची आणि पोरीला उद्या डॉक्टर व्हावंसं वाटलं तर नियमांची पुस्तिका घेऊन कपाळाला हात लावायचा. ब्लॅकबाईंच्या बॉस्टनमध्ये शाळेची हद्द ओलांडली की घराची किंमत बदलते. इथे शिनोळीच्या पुढे राज्याची हद्द ओलांडली की मुलाचे रस्तेच बदलतात. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग दहावीला परत आणू की." त्यावर मी तरी काय बोलणार?

शाळा लांब असणं ही आपल्याकडची जुनीच अडचण. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली आणि १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचा हुकूम काढला. त्या दोन गोष्टींतला विचार साधा होता. लहान मुलाची शाळा त्याच्या गावात, आणि पुढच्या शिक्षणासाठी शहरात राहण्याची सोय. मुलाला शिकवायचं म्हणून बापानं शहरात जागा घ्यावी, असं त्यात कुठेच नव्हतं.

आणि गावातली शाळा चांगली होऊ शकते का? होऊ शकते. पुणे जिल्ह्यातल्या वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा गावकऱ्यांनी आणि शिक्षकांनी मिळून अशी घडवली, की बाहेरगावचे पालक प्रवेशासाठी रांगेत उभे राहिले. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेचा पट अगदी थोड्यावर आला होता. त्या शाळेला २०२५ मध्ये जागतिक स्पर्धेत लोकांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार मिळाला. म्हणजे माणसं शाळेच्या मागे गावाकडेही येतात! फक्त शाळा तशी हवी.

इथे कोणी म्हणेल, मग त्या गावातल्या जागाही महाग होणार, आणि गरिबाला तिथेही जागा नाही. खरं आहे. चांगल्या शाळा मोजक्याच असतील तर असंच होणार. दुष्काळात पाण्याचा टँकर उभा राहतो तिथली जागा भांडणाचीच असते. आडात पाणी असलं तर टँकरकडे कोण बघतो?

आपल्या हातात काही नाही असंही नाही. शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात पाऊण हिस्सा पालकांचा. शाळेचा विकास आराखडा करायचा अधिकार त्या समितीला आहे. आता प्रामाणिकपणे सांगा, आपल्यापैकी किती जण त्या बैठकीला गेलेत? प्लॉट बघायला आपण चार रविवार घालवतो, सात-बारा, उतारे, नकाशे तपासतो, वकिलाला विचारतो. शाळेच्या बैठकीला मात्र सही करायला शिपाई घरी येतो.

हे लिहिताना मी सोवळा नाही, हेही कबूल करतो. मी स्वतः पुण्यात फ्लॅट घेतला तेव्हा आधी जवळची शाळा पाहिली, मग स्वयंपाकघर. कर्जाचे हप्ते अजून भरतोय. त्यामुळे मावसभावाला "घेऊ नकोस" म्हणायचा अधिकार मला नाही, आणि मी तसं म्हटलंही नाही. ज्याचं मूल आज पहिलीत आहे त्यानं गावची शाळा सुधारेपर्यंत दहा वर्षं थांबावं, असं कोण कुणाला सांगणार?

मी एवढंच म्हटलं, की टोकन द्यायच्या आधी एकदा गावातल्या शाळेच्या बैठकीला जाऊन बस. काय कमी आहे ते गुरुजींनाच विचार. आणखी चार घरं मुलं काढायच्या विचारात आहेत, त्यांना बरोबर घे. पाच घरांच्या प्लॉटांचे पैसे एका बाजूला आणि पाच घरांची मुलं दुसऱ्या बाजूला, असा हिशेब एकदा मांडून तर बघ.

त्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "बघू की," म्हणाला. आमच्याकडे "बघू की" चा अर्थ होही होतो आणि नाहीही.

निघताना शाळेवरून आलो. सुट्टीचा दिवस होता, फाटक नुसतं लोटलेलं. व्हरांड्यात कोणाची तरी चप्पल राहिली होती, एकाच पायाची. दुसरी पायात घालून ते पोर घरी कसं गेलं असेल कोण जाणे. सोमवारी ते परत येईल हे नक्की. आणखी किती वर्षं येईल, हे मात्र त्या खिशातल्या कागदासारख्याच कागदांवर ठरणार आहे.