रियाधच्या थंडीत हलव्याला काटा

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रियाधमध्ये जी कोरडी, बोचरी थंडी पडते तिला नज्दमधील जुनीजाणती माणसे ‘मुरब्बानिया’ म्हणतात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लागणारा हा सुमारे चाळीस दिवसांचा शीतकाल सरतो तो नेमका आपल्या मकरसंक्रांतीच्या सुमारास, आणि त्यामागून ‘शबत’ नावाचा थंडीचा दुसरा हंगाम सुरू होतो. ही सारी गणना ताऱ्यांच्या उदयावर चालते. उन्हाळा उतरताना दक्षिण क्षितिजावर ज्या ‘सुहैल’ची अरब लोक उत्कंठेने वाट पाहतात, तो आपला अगस्तीच होय. हे विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, पोटापाण्यासाठी या मुलखात येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांत, हिवाळ्याचे सण आपण मागे ठेवून आलो, इथल्या वाळूत त्यांना ऋतूच नाही, अशी एक समजूत रूढ झाली आहे. आणि ती समजूत मला मुळातच चुकीची वाटते.

संक्रांत इथे होते, पण ती शुक्रवारी होते. 2013 साली साप्ताहिक सुटी गुरुवार-शुक्रवारची शुक्रवार-शनिवार झाली, तरी आमचा रिवाज बदलला नाही. सण कोणत्याही वारी येवो, तो सुटीच्या दिवशी ढकलायचा, कोणा एकाच्या घरी जमायचे, मुंबईहून आलेली तिळगुळाची पाकिटे फोडायची आणि छायाचित्रे काढून परतायचे. कामाच्या वेळा आणि अंतरे ठाऊक असल्यामुळे या तजविजीला मी नावे ठेवत नाही. परंतु 14 जानेवारीची संध्याकाळ ज्या घरात गृहपाठात आणि जेवणात निघून जाते, त्या घरातील मुलाला शुक्रवारचा सोहळा कोणाच्या तरी वाढदिवसासारखाच वाटला, तर त्यात त्याचा काय दोष? इथे आपली उपासना घराच्या चार भिंतींत ठेवावी लागते, हे खरे. पण संक्रांतीला ना मंडप लागतो, ना मिरवणूक. ती घराचीच आहे, आणि म्हणूनच त्या दिवशी, त्या घरात, निदान अर्धा तास तरी ती व्हावी, एवढे माझे आग्रहाचे मागणे आहे.

आणि तिची सुरुवात चार दिवस आधी, परातीपासून व्हावी. मंद आचेवर परात ठेवून तीत निवडलेले तीळ पसरायचे, चमचाभर साखरेचा पाक सोडायचा, बोटांच्या टोकांनी दाणे हळूहळू फिरवत राहायचे, पाक सुकला की पुन्हा एक चमचा. असे संध्याकाळमागून संध्याकाळ करावे, तेव्हा कुठे तीळ पांढरा होतो, फुगतो आणि शेवटी त्याला काटा फुटतो. हवेत दमटपणा असला तर काटा येत नाही, दाणे एकमेकांना चिकटून बसतात. माझ्या आईने मुंबईत किती वर्षे या हलव्यापायी हात भाजून घेतले, आणि जेद्दाच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या मैत्रिणी अजूनही घेतात. पण रियाधची ही निर्जल थंडी हलव्याला जशी मानवते तशी मुंबईची कधीच मानवली नाही, हे मी इथे येऊन शिकले.

काही गोष्टी मिळत नाहीत, त्या सोडाव्यात. खसखस या देशात आणण्यास सक्त मनाई आहे, तेव्हा गुळाच्या पोळीचे सारण तिच्यावाचून करावे आणि मुलांना त्याचे कारणही सांगावे. जे मिळते ते मात्र डोळे उघडून पाहावे. बोरन्हाणाला बोरे कुठून आणायची म्हणून खंत करणाऱ्यांनी सिद्र वृक्षाच्या ‘नबक’ फळाची बाजारात चौकशी करावी. ते आपल्या बोराचेच सगोत्र आहे. नैर्ऋत्येकडील जाझान प्रांतात तीळ पिकतो, आणि उंट जुंपलेल्या घाण्यावर त्याचे तेल काढण्याची तिथली परंपरा आपल्या बैलघाण्याची आठवण करून देते. ज्या हलव्याचे दागिने आपण नव्या सुनेला आणि तान्ह्या बाळाला घालतो, त्या ‘हलवा’ शब्दाचे मूळ तर अरबीच. हे सारे मुलांना कळले, म्हणजे सण आजीच्या घरून पार्सलाने येणारी वस्तू राहत नाही. तो त्यांच्या खिडकीबाहेरच्या हवेतला होतो.

गेल्या खेपेस संक्रांत भर आठवड्यात आली. दिवेलागणीला शेजारच्या इमारतीतील दोघीतिघी काळ्या अबायांत आल्या, दारामागे त्या उतरवून ठेवल्या, आणि आतून काळ्या चंद्रकळा प्रकटल्या; माझी धाकटी मुलगी टक लावून पाहत राहिली. हळदीकुंकू लावून झाले, तिळगूळ वाटून झाला, पाहुण्या घाईघाईने आपापल्या घरी परतल्या. मग तिने चौथ्या दिवसाची परात दोन्ही हातांनी दिव्याखाली ओढली, एक दाणा उचलून तळहातावर ठेवला, मूठ घट्ट मिटली आणि म्हणाली, “आई, टोचतंय.”