स्वप्नातला साप कोणता, हे विचारा

दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात एखादी तरुणी सांगू लागली, की रोज स्वप्नात नदी दिसते, तळाशी वेटोळे घालून बसलेला साप दिसतो आणि कोणीतरी हाक मारते, तर डॉक्टरच्या मनात पहिला शब्द येतो सायकोसिस. घरच्यांच्या मनात येतो ‘उकुथ्वासा’, म्हणजे पारंपरिक उपचारक होण्यासाठी पूर्वजांनी दिलेली हाक.

खोसा लोकांच्या श्रद्धेप्रमाणे खोल डोहात ‘अबांतु बोम्लाम्बो’, नदीची माणसे राहतात. ती निवडलेल्याला पाण्याखाली नेतात आणि विद्या देऊन परत पाठवतात. झिम्बाब्वेतल्या शोना लोकांमध्ये हे काम ‘न्जुझू’ करतात. तिथे तर नेलेल्या माणसासाठी घरच्यांनी रडायचेही नाही. रडले तर तो परतत नाही! झुलू कुटुंबे घरात आलेल्या काही निरुपद्रवी सापांना पूर्वज मानतात आणि मारत नाहीत. पण सगळेच साप शुभ नसतात. ‘मामलाम्बो’ ही नदीतली सर्पिणी पैसा देते आणि मोबदल्यात घरातल्यांचे जीव मागते.

म्हणून ‘साप दिसतो’ एवढ्यावरून निदान करणे हा आळस आहे. तो साप बोलावतो की धमकावतो? बोलण्यात संगती आहे का? झोप, जेवण, अंघोळ सुटली आहे का? जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का? वेड वेगळे आणि हाक वेगळी, हा फरक खोसा समाजही करतो. जाणता गुरू आलेल्या प्रत्येकाला शिष्य करून घेत नाही.

मात्र श्रद्धेचा मान राखायचा म्हणून गप्प बसणेही चूक. सायकोसिसवर उपचार जितके लांबतात, तितके बरे होणे अवघड जाते. दीक्षेच्या काळात क्षयाच्या किंवा एचआयव्हीच्या गोळ्या बंद झाल्या, तर त्याची किंमत शरीरच मोजते.

पारंपरिक उपचारकांना मान्यता देणारा कायदा दक्षिण आफ्रिकेने 2007 मध्ये केला. कागदावर ठीक आहे, पण खरी गरज आहे डॉक्टरने गुरूशी थेट बोलण्याची. मिरगीच्या रुग्णाला पाण्यात फिट आली, तर कमरेएवढे पाणीही जीव घेते. अशा शिष्याच्या गोळ्या चालू ठेवून, सोबत धडधाकट माणूस देऊन नदीचा विधी काठावरच करता येईल का, हे गुरूला विचारायला प्रयोगशाळा लागत नाही.