गाय गाभडते, ताप आपल्याला येतो

मंडळी, २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळ मुरुंब्यात बर्ड फ्लूने कोंबड्या मेल्या आणि आपण चिकनवर फुली मारली. २०२२ मध्ये लंपी आला, आपण दुधाकडे संशयाने बघायला लागलो. नीट शिजवलेल्या चिकनमधून बर्ड फ्लू होत नाही आणि लंपी तर माणसाला होतच नाही. अफवांनी मेला तो शेतकरी.

पण जो आजार खरंच गोठ्यातून पोटात येतो, त्याचं नाव किती जणांनी ऐकलंय? ब्रुसेलोसिस.

दिवस भरत आलेली गाय अचानक गाभडते, वार अडकते. आपण म्हणतो, नजर लागली. वार उघड्या हाताने ओढून उकिरड्यावर टाकतो. जंतू त्या वारेत असतात, पुढे दुधातूनही येतात. गाय मात्र धडधाकट दिसते. ते दूध कच्चं पिणाऱ्याला चढ-उताराचा ताप, रात्रीचा घाम, कंबरदुखी, सांधेदुखी. उपचार होतात टायफॉईडचे! खरी औषधं किमान सहा आठवडे घ्यावी लागतात, पण त्यासाठी ब्रुसेलाची रक्ततपासणी कुणाला तरी सुचायला हवी ना?

आता कमेंटमध्ये कुणीतरी लिहीलच, "आमच्या आज्याने धारोष्ण दूध पिऊन नव्वदी गाठली." गाठली असेल. आज्याच्या दावणीला घरच्याच दोन गाई होत्या. आज गाय कुठल्या बाजारातून आली ते माहीत नसतं आणि दहा गोठ्यांचं दूध एका कॅनमध्ये जातं. डेंग्यूत प्लेटलेट वाढाव्यात म्हणून शेळीचं कच्चं दूध पाजणाऱ्यांनो, शेळीचा ब्रुसेला माणसाला आणखी जड जातो.

सरकारलाही सवाल आहे. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी-वगारींना आयुष्यात एकदाच द्यायची लस आहे. २०१९ पासून त्यासाठी केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. मग आपल्या तालुक्यात किती कालवडींना ती टोचली? दवाखान्याबाहेर फळ्यावर आकडा लिहा! लंपीने मेलेल्या गाईला ३० हजारांची मदत मिळाली. ही गाय मरत नाही, म्हणून कुणी मोजतही नाही. मालक गुपचूप बाजार दाखवतो आणि रोग दुसऱ्याच्या दावणीला जातो. दोष एकट्या मालकाचा कसा? खरं सांगितलं तर त्याच्या पदरात काय पडणार?

तोवर आपल्या हातात आहे ते करा. दूध उकळूनच प्या. वारेला उघडा हात लावू नका, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. गाभडलेल्या गाईची तपासणी करून घ्या. आणि उद्याच पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन विचारा, "साहेब, आमच्या कालवडीची लस कधी?"

पटलं तर गावच्या ग्रुपवर टाका.