नाताळची भेट : बाईंना आणि मावशींना

नाताळच्या सुट्टीला आठ-दहा दिवस उरले की रत्नागिरीत इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून मुले घालणाऱ्या आईबापांमध्ये, मग ती शाळा मिशनची असो वा एखाद्या स्थानिक संस्थेची, एक चर्चा दरसाल सुरू होते : यंदा टीचरना काय द्यायचे? साडी, भिंतीवरचे घड्याळ, अत्तराची बाटली, काजूगरांचा डबा, अलीकडे दुकानाचे भेटकार्ड, अशी नावे निघतात. वर्गणी दोनशेची की पाचशेची यावर खल होतो. आणि या साऱ्या खलात, शिशुवर्गातील मुलाची ओली चड्डी जी बदलते, डब्याचे घट्ट बसलेले झाकण जी उघडून देते, पहिले पंधरा दिवस फाटकाशी रडणाऱ्या पोराला जी कडेवर घेऊन अंगणात फिरवते, त्या मावशींचे नाव क्वचितच निघते, आणि निघालेच तर ‘त्यांनाही काहीतरी देऊ’ एवढ्या अर्ध्या वाक्यावर विषय मिटतो. हे अर्धे वाक्य मला अन्यायाचे वाटते, आणि म्हणून या प्रश्नाचा साधकबाधक विचार करणे मी अगत्याचे मानतो.

प्रथम एक किरकोळ आक्षेप. हा सण आपला नव्हे, सबब त्या निमित्ताने भेटी देणे हे निव्वळ अनुकरण होय, असे काही सद्गृहस्थ म्हणतात. ज्या रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी ६ डिसेंबर १८६१ रोजी नारायण वामन टिळक जन्मले, आणि १८९५ साली ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतल्यावरही ज्यांची कविता मराठी माणसाने आपलीच मानली, त्या जिल्ह्याने नाताळास परका म्हणणे इतिहासाला धरून नाही. शिवाय डिसेंबर हा महिना या कामाला सोयीचाही आहे. जूनपासून सहा महिने लोटल्याने मूल आणि बाई यांचा परस्परांशी परिचय झालेला असतो, आणि वार्षिक परीक्षेचा निकाल अजून दूर असतो.

याहून पुष्कळ वजनदार पूर्वपक्ष आहे तो असा की, भेट ही सभ्य वेषातील लाच असल्यामुळे शाळेच्या आवारात ती सरसकट बंद करावी. या म्हणण्यातील सत्यांश मी मोकळेपणाने मान्य करतो. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांनी शासकीय कर्मचाऱ्याच्या भेटी स्वीकारण्यावर निर्बंध घातले आहेत ते उगाच नव्हेत. आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २८ व्या कलमाने शिक्षकाला खासगी शिकवणी करण्यास मनाई केली, तिच्यामागे शिक्षक आणि पालक यांच्यात शाळेबाहेरचा पैशाचा व्यवहार असू नये हीच दृष्टी दिसते. ज्या बाई प्रगतिपुस्तकावर शेरा लिहितात, स्नेहसंमेलनातील नाचात कोणाला पुढच्या रांगेत उभे करायचे आणि कोणाला मागे झाड करून ठेवायचे हे ठरवतात, त्यांच्या टेबलावर एका घरची भरजरी साडी आणि दुसऱ्या घरचे रिकामे हात यांची तुलना व्हावी, हे त्या बाईंनाही लाजिरवाणे आणि ज्या मुलाचे हात रिकामे राहिले त्याच्यावर तर उघड जुलूम करणारे आहे. पाचवी-सहावीतले मूल ही तुलना आपल्यापेक्षा जलद करते.

परंतु या युक्तिवादातून जो निष्कर्ष काढला जातो तो त्यातून निघत नाही. दोष भेटीत नाही. भेट घेणाऱ्याच्या हाती मुलाचे बरेवाईट करण्याची जी सत्ता आहे, तिच्याशी भेटीची सांगड पडण्यात तो आहे. ही सत्ता जिथे नाही, तिथे लाच संभवतच नाही. मावशींच्या हाती ना गुण आहेत ना शेरे. त्या कोणाला वर चढवू शकत नाहीत, कोणाला नापास करू शकत नाहीत. म्हणजे लाचेच्या भयाने आपण ज्या हातांना देण्याचे टाळतो, नेमक्या त्याच हातांना देण्यात ते भय सर्वांत कमी आहे. आणि जिथे ते खरोखर आहे, तिथे मात्र आपण घड्याळे आणि साड्या घेऊन रांगेने उभे राहतो. मावशीही एखाद्या मुलाचे अधिक लाड करू लागतील, अशी शंका कोणी काढील. तिचे निरसन सोपे आहे : सर्वांची रक्कम एकत्र करावी आणि पाकिटावर कोणाही पालकाचे नाव घालू नये.

दुसरा पक्ष याच्या अगदी उलट टोकाचा आहे. गुरुदक्षिणा ही आपली सनातन परंपरा, तेव्हा गुरूला द्यावे तितके थोडेच, असे म्हणून तो महागड्या भेटीचे समर्थन करतो. परंपरेची साक्ष काढायचीच तर ती पुरती काढावी. कालिदासाने रघुवंशाच्या पाचव्या सर्गात वरतंतूचा शिष्य कौत्स याची कथा सांगितली आहे. कौत्साने दक्षिणेविषयी विचारले तेव्हा गुरूने त्याची दीर्घकाळची भक्तिपूर्वक सेवा हीच दक्षिणा मानली. शिष्याने वारंवार आग्रह धरला तेव्हा गुरू क्रुद्ध झाला, आणि चौदा विद्यांबद्दल चौदा कोटी आण, असे त्याने बजावले. विश्वजित यज्ञात सर्वस्व देऊन बसलेल्या आणि अतिथीपुढे मातीच्या पात्रात अर्घ्य घेऊन आलेल्या रघूकडे कौत्स गेला, कुबेराने सुवर्णवृष्टी केली, आणि तिथे वाद पडला तो असा की, देणारा सारेच घे म्हणतो आणि घेणारा गुरूच्या देण्यापेक्षा एक कवडी अधिक घ्यावयास तयार नाही. दसऱ्याला आपटा वाटताना आपण हीच कथा मुलांना सांगतो. त्या कथेतील गुरूला दक्षिणा नको होती. कोटींचा आकडा शिष्याच्या हट्टातून जन्मला. परंपरेच्या नावाने बाईंच्या टेबलावर भेटींचा ढीग रचणाऱ्यांनी वरतंतूचे पहिले उत्तर वाचावे.

मग बाईंना काय द्यावे? माझे स्पष्ट मत असे की, बाईंना मुलाच्या हातचे पत्र द्यावे, आणि फार तर घरची एखादी आंबापोळी किंवा कोकमाचे आगळ. हंगामातील पहिली हापूसची पेटीसुद्धा मला या नात्यात जड वाटते. पण ते पत्र खरे असावे. ‘तुम्ही फार छान शिकवता’ हे वाक्य पन्नास मुले लिहितात आणि ते कोणाचेच नसते. एका दुसरीतल्या मुलीने पेन्सिलीने, दोनदा खोडून, असे लिहिलेले मी पाहिले आहे : ‘माझा ळ उलटा यायचा. तुम्ही माझा हात धरून पाटीवर काढलात. आता येतो.’ खाली तिने एक मोठा, किंचित कललेला ळ काढला होता. ज्या बाईंनी तो हात धरला त्यांच्या सबंध वर्षाच्या श्रमाचा हिशेब त्या तीन वाक्यांत चुकता झाला होता, आणि असा कागद शिक्षिका निवृत्तीनंतरही कपाटात जपून ठेवतात हे शिक्षकी पेशातील माणसांच्या घरी वावरलेल्या कोणालाही ठाऊक आहे. अशा पत्राला खर्च नाही, म्हणून त्यात चढाओढ नाही. आणि त्याने काही विकत घेता येत नाही, म्हणून ते घेताना बाईंना संकोच नाही.

मावशींना मात्र नुसते पत्र देऊन भागणार नाही, आणि इथे काही सुसंस्कृत मंडळी माझ्याशी असहमत होतील. रोख पैसे देणे हे दिवाळीच्या पोस्तासारखे, म्हणून अपमानास्पद, असे त्यांचे म्हणणे. त्यापेक्षा शोभेची वस्तू द्यावी. पण अपमान पैशात नसतो, तो देण्याच्या रीतीत असतो; आणि चार कप-बश्यांचा संच घरी नेणाऱ्या मावशींचा त्या महिन्याचे वाणसामान भरण्याचा प्रश्न सुटलेला नसतो. खासगी शाळांतील मावशींचे वेतन शाळेगणिक निराळे, त्याविषयी सरसकट बोलता येत नाही. पण या कामाला समाज काय किंमत देतो हे अंगणवाडीवरून कळते. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातील अंगणवाडी सेविका आणि मदतनीस बेमुदत संपावर गेल्या आणि तो नाताळ त्यांचा संपातच गेला. पुढे २०२४ च्या वाढीनंतरही मदतनिसाचे मानधन महिन्याला साडेसात हजारांच्या घरातच राहिले. लहान मुलांना जेवू घालणे आणि स्वच्छ ठेवणे या कामाचा हा मोबदला आहे.

आणि हे काम शिकवण्याहून हलके आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी याच जिल्ह्यातील पालगडला, नाताळच्या आदल्याच दिवशी म्हणजे २४ डिसेंबर १८९९ रोजी जन्मलेल्या साने गुरुजींची आठवण करावी. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ पासून सहा वर्षे ते शिक्षक होते. पण त्यांच्या छात्रालयातील मुलांना आयुष्यभर आठवत राहिले ते वर्गातल्या धड्यांइतकेच, मुले बाहेर गेली असता त्यांच्या खोल्या झाडणारे आणि त्यांचे कपडे धुणारे गुरुजी. आज आपण शिक्षिका आणि मावशी असे दोन हुद्दे पाडून एकीला नजराणा आणि दुसरीला अर्धे वाक्य देतो, ती दोन्ही कामे त्या एका माणसाने एकाच मायेने केली.

तेव्हा माझी विनंती नेमकी आहे. नाताळच्या सुट्टीपूर्वी पालक-शिक्षक संघाची जी बैठक होते तीत, मुख्याध्यापकांच्या संमतीने आणि उघडपणे, ठराव व्हावा : शिक्षकांसाठी वर्गणी बंद; ती सारी रक्कम शाळेतील मावशी, शिपाई आणि बसमधील मदतनीस यांच्यात समान वाटावी; ज्याला जमेल त्याने जमेल तेवढे बंद पेटीत टाकावे आणि कोणी किती टाकले याची यादी ठेवू नये. शासकीय नियमांखाली येणाऱ्या शाळांत त्या नियमांना धरूनच चालावे. पाकिटावर शाळेचा शिक्का नको, मावशींचे पूर्ण नाव हवे. आणि ते नाव काय, हे ज्या पालकांना आजवर ठाऊक नाही, त्यांनी उद्या सकाळी मुलाला सोडताना फाटकाशीच विचारून घ्यावे.