मुका मार आणि पोटावरील सूज

मुका मार लागला की रुग्ण बहुधा प्रथम वैद्याकडे किंवा औषधाच्या दुकानी येतो. आंबेहळदीचा लेप व विश्रांती यांनी पुष्कळदा सूज उतरतेही. या अनुभवामुळेच पोटावरील एका दुखापतीचे निदान निसटण्याचा संभव असतो. ती म्हणजे आघातजन्य अंतर्गळ. तिच्याकडे आम्ही व्यवसायबंधूंचे लक्ष वेधू इच्छितो.

सायकलच्या हँडलचे टोक पोटात घुसणे, जनावराची धडक, अपघातात मोटारीच्या सीटबेल्टचा बसलेला हिसका, अशा प्रसंगी लवचीक त्वचा शाबूत राहते. आतील स्नायू व प्रावरणी मात्र फाटतात आणि त्या वाटेने आतडे त्वचेखाली येते. वरून दिसते केवळ खरचटणे व फुगवटा. साहजिकच ती साकळलेल्या रक्ताची गाठ समजली जाते.

सुश्रुतांनी निदानस्थानात आंत्रवृद्धीच्या कारणांत ओझे वाहणे, बलवानाशी झुंज व वृक्षावरून पतन यांची गणना केली आहे. दाबल्यास सशब्द आत जाणारी आणि सोडताच पुन्हा फुगणारी, हे तिचे लक्षणही सांगितले आहे. ते वर्णन वंक्षणभागातील वृद्धीचे असले, तरी परीक्षणाची ती दृष्टी येथेही उपयोगी पडते. खोकताना सूज उसळते काय, हलक्या हाताने दाबता आत जाते काय, हे पाहावे. मात्र वेदनेमुळे ही लक्षणे झाकली जातात. म्हणून ती नसली तरी शंका सोडू नये. निश्चित निदान सी. टी. स्कॅनने होते, आणि यकृत, प्लीहा वा आतड्याची इजाही त्यातच शोधता येते.

अशा सुजेवर मर्दन करू नये, तीत सुई घालू नये, आणि केवळ पट्टा बांधून रुग्णास घरी धाडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. फाटलेला स्नायू लेपाने सांधत नाही. लहान छिद्र शल्यविशारद थराथराने शिवतात, मोठ्यास जाळीचा आधार देतात. आतडे फुटून दूषितता झाली असल्यास कायमची जाळी बहुधा लांबणीवर टाकतात. शस्त्रकर्मानंतर मलावष्टंभ व कास यांचे नियमन करून शिवणीवरील ताण टाळणे, हे वैद्याचे कार्य आहेच.

औषधविक्रेत्यांनीही तेल देण्यापूर्वी मार कोठे लागला एवढे अवश्य विचारावे. उत्तर ‘पोटावर’ असे आल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. सुश्रुतांची परंपरा सांगणाऱ्यांना यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.